एकतीस फाटकं

बाथरूममध्ये साबणाची वडी सटकली आणि फरशीवर धप्पकन पडली. एवढासा आवाज, पण घर इतकं चिडीचूप होतं की तिला वाटलं, कुणी दारच बडवलं. माऊसवरचा हात तसाच ठेवून तिने मान वळवली. पलंगावर तिची लेक भिंगरी पालथी झोपली होती. तिचा एक पाय हलला, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटली आणि पुन्हा शांत झाली.

"काय गं पडलं?" आतल्या खोलीतून सासूबाईंनी कुजबुजत विचारलं. सासूबाईंची कुजबुज म्हणजे चारचौघांचं मोठ्याने बोलणं.

"साबण, आई. झोपा तुम्ही."

"मी कुठली झोपतेय! पाय प्लास्टरात आहे माझा, डोळे नाहीत."

ती संगणकाकडे वळली. पडद्याच्या कोपऱ्यात दुपारचे एक वाजून चाळीस मिनिटं झाली होती, आणि त्याच्यावर तो निरोप तसाच चिकटून बसला होता. गुराख्याचा निरोप. 'कुंपणवाल्या बाई, गायी फाटकात अडकतायत. फाटक सताड उघडं आहे, तरी पुढे जात नाहीत. एका नाही, सगळ्या फाटकांत तेच. चारला मुकादम बघणार आहेत. काय ते बघा बुवा.'

पडद्यावर हिरवीगार दरी पसरली होती. शेतीच्या एका गेमसाठी हा मॅप तयार होत होता. लोक आपापल्या घरी बसून त्यात ट्रॅक्टर चालवणार, पेरणार, कापणार, गायी चरायला नेणार. डोंगर दुसऱ्या कोणी उभे केले होते, ओढा तिसऱ्याने सोडला होता. तिच्या वाट्याला आली होती कुंपणं आणि फाटकं. एकतीस शेतं, एकतीस फाटकं. मॅप एडिटरमध्ये बांधाच्या कडेकडेने टिचक्या मारत जायचं, टिचकीसरशी एकेक खांब उभा राहतो आणि दोन खांबांच्या मध्ये तीन आडव्या फळ्या आपोआप बसतात. ऐकायला सोपं. पण चढावर तेच खांब दारुड्यासारखे कलतात, उतारावर हवेत लोंबकळतात, आणि फाटक चुकून रस्त्याच्या बाजूला उघडलं तर येणारा ट्रॅक्टर थेट त्याच्यावर. तीन आठवडे ती हेच निस्तरत होती. भिंगरी झोपली की, भिंगरी टबात खेळत असली की, आजीने तिला गोष्टीत गुंतवलं की. लपून गूळ खावा तसा एकेक तास.

टीममध्ये कोणाला खऱ्या नावाने कोणी हाक मारत नसे. कामावरून नाव पडायचं. सगळ्यांवर देखरेख करणारा तो मुकादम. गायीगुरं आणि यंत्रं मॅपवर फिरवून चुका हुडकणारा तो गुराखी. आणि ती कुंपणवाली. हे नाव पडलं त्या दिवशी ती आरशासमोर उभी राहून हसली होती. चार वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी तिला तिच्या कामावरून ओळखलं होतं.

भिंगरी व्हायच्या आधी ती एका कंपनीत अशीच गेमसाठी झाडं, दगड, पडक्या भिंती घडवायची. मग भिंगरी झाली, आणि ते दार बंद झालं ते झालंच. पुन्हा काम मागायला गेली तेव्हा जिथे तिथे एकच प्रश्न: मधली चार वर्षं काय केलंत? पहिल्या ठिकाणी तिने खरं सांगितलं, मुलगी वाढवली. समोरची बाई गोड हसली आणि तिचा परत फोन आला नाही. अशी अकरा ठिकाणं झाली. हे बारावं. तीन आठवडे चाचणीचं काम, आज चार वाजता शेवटची तपासणी. मॅप पास झाला तर सोमवारपासून ती टीममध्ये. नाही झाला तर यादीतली पुढची बाई तयारच होती.

नवरा कामासाठी दुसऱ्या गावी होता, एक शनिवार सोडून दुसऱ्या शनिवारी यायचा. काल फोनवर म्हणाला, "नाही जमलं तर राहू दे की. कोण मागे लागलंय तुझ्या?" प्रेमानेच म्हणाला. पण फोन ठेवल्यावर ती ओट्याला टेकून बराच वेळ उभी राहिली. आणखी एक 'राहू दे' ऐकलं, तर आपल्यातलं काहीतरी कायमचं विझेल असं तिला वाटलं.

तिने ट्रॅक्टर घेतला आणि पहिल्या शेताकडे नेला. फाटक उघडलं. दोन्ही कवाडं झुलत आत गेली, अगदी हवी तशी. ट्रॅक्टर पुढे सरकवला आणि तो उघड्या फाटकात, मोकळ्या हवेत, ठक्क करून थांबला. चाकं जागच्या जागी फिरू लागली. मागे घेतला, पुन्हा पुढे. ठक्क. दुसरं फाटक, तेच. सातवं, तेच. समोर काहीच नाही आणि पुढे जाता येत नाही.

जमीन उंचसखल झाली असेल म्हणून तिने जमीन तपासली. सपाट होती. बिजागरी चुकली असेल म्हणून बिजागरी काढून पुन्हा बसवली. गायींच्या वाटांचा नकाशा नव्याने बनवायला लावला, त्यात पंचवीस मिनिटं गेली आणि गायी होत्या तिथेच कळपाने उभ्या. दोन वाजून वीस झाले.

"झालं का गं तुझं कुंपण?" सासूबाईंना राहवलं नाही.

"नाही हो आई. गुरं आत जात नाहीयेत."

"कुंपणच शेत खातं म्हणतात. तुझं कुंपण गुरांनाही खाऊ देत नाही वाटतं."

एरवी ती हसली असती. आता तिने ओठ दाताखाली धरला. डोळ्यांत पाणी आलं तर पडदा धूसर दिसेल आणि त्यात आणखी दोन मिनिटं जातील, एवढाच हिशोब तिच्या डोक्यात होता.

मग तिला सुचलं ते पहिल्याच मिनिटाला सुचायला हवं होतं. गेममधल्या प्रत्येक वस्तूभोवती एक न दिसणारी पेटी असते. गाय, माणूस, ट्रॅक्टर थांबतात ते वस्तूला नव्हे, त्या पेटीला. टीममध्ये अशा पेटीला अडसर म्हणत. अडसर दाखवायचं बटण तिने दाबलं. सगळी दरी हिरव्या रेघांच्या चौकटींनी भरून गेली. आणि पहिल्या फाटकात तिला दोन चौकटी दिसल्या. एक रुंद, उघडलेली. तिच्या बरोबर मधोमध दुसरी, अरुंद, घट्ट बंद.

तिने कपाळावर हात मारून घेतला.

गेल्या सोमवारी मुकादम म्हणाला होता, फाटकं अरुंद आहेत, कापणीयंत्र जाणार नाही, रुंद करा. तिने रुंद केली. पण जुनी फेकून द्यायचा तिला धीर झाला नाही. मुकादमाचा काय नेम, उद्या म्हणेल पहिलीच बरी होती! एडिटरच्या यादीत प्रत्येक वस्तूपुढे डोळ्याचं चिन्ह असतं. तो डोळा मिटला की वस्तू पडद्यावरून दिसेनाशी होते. तिने एकतीस जुन्या फाटकांचे डोळे मिटले आणि वर नवी बसवली. घरातही ती तेच करायची. तुटक्या दांडीची छत्री, झाकण नसलेला डबा, भिंगरीचे लहान झालेले बूट, काही म्हणून फेकायचं नाही, माळ्यावर टाकायचं. असू दे, लागलं तर. पण माळ्यावरची छत्री कोणाच्या पायात येत नाही. इथे मात्र एकतीस बंद फाटकं कोणाला न दिसता वाटेत उभी होती, आणि साऱ्या दरीतल्या गायी त्यांना कपाळ टेकून.

चूक कळली म्हणताच तिला इतकं हायसं वाटलं की ती उठून उभी राहिली. जुनं फाटक निवडलं, काढून टाकलं. आणि नवंही गेलं.

तिला क्षणभर कळेना. मग कळलं. घाईघाईत तिने यादीत नवी फाटकं जुन्यांच्या पोटात ठेवली होती. जुनं मारलं की पोटातलं नवंही जाणार. म्हणजे एकेक नवं फाटक आधी हलक्या हाताने बाहेर काढायचं, ते जागचं सरकलं नाही ना बघायचं, खांबांशी जुळवायचं, मग जुनं काढायचं, मग ट्रॅक्टर घालून बघायचा. एकाला अडीच मिनिटं. एकतिसांना? तिने गुणाकार अर्धवट सोडला. दोन पस्तीस झाले होते.

पहिलं. दुसरं. तिसऱ्याचं एक कवाड उलटं फिरलं, ते सरळ केलं. चौथं. हळूहळू हाताला लय आली. बाहेर काढ, जुळव, जुनं काढ, ट्रॅक्टर घाल. आठवं. तहान लागली होती, पण पाण्याचा तांब्या ओट्यावर होता आणि ओटा सात पावलांवर. नववं झालं आणि पलंगावरून आवाज आला.

"आई, उठले मी."

"झोप ना राणी अजून. थोडीशीच."

"झाली माझी झोप. सगळी."

भिंगरी खाली उतरली, उशीवरचा वळ गालावर घेऊन येऊन उभी राहिली. तीन वर्षं आणि सात महिन्यांचं ते गरम, घामेजलेलं गाठोडं तिच्या मांडीवर चढू लागलं. तिने एका हाताने तिला वर घेतलं, दुसऱ्या हाताने दहावं फाटक बाहेर काढलं.

"ही आपली गाय आहे?"

"हो."

"हिचं नाव काय?"

"तू ठेव."

"हिचं नाव... आजी."

"ऐकू येतंय गं मला!" आतून सासूबाई म्हणाल्या. "ये इकडे, तुला शिंगंच दाखवते माझी."

भिंगरी खिदळत पळाली. चार मिनिटं मिळाली. अकरावं, बारावं अर्धं. सासूबाई बिचाऱ्या पलंगावर पडल्या पडल्या जे जमेल ते करत होत्या. टाळ्या, गाणं, बोटांचा कावळा. पण भिंगरीला एका जागी बांधून ठेवायला जे लागतं ते दोन पायांवर उभं राहणारं माणूस, आणि सासूबाईंचा एक पाय उशीवर होता. मग केळं झालं. मग पाणी झालं, त्यातलं निम्मं फरशीवर. तिने कपड्यांच्या चिमट्यांची टोपली आणून टेबलाखाली ठेवली आणि म्हणाली, "यांना रंगारंगाने लावून दे मला. लाल लाल एकीकडे." सतरावं. अठरावं. तीन वाजून बावीस.

"आई, लाल संपले."

"मग निळे."

"निळे पण संपले. आता तू संपव ना."

आणि एक छोटा ओला हात टेबलावर येऊन माऊसवर पडला. पडद्यावर एकविसाव्या शेताचं अख्खं कुंपण, चढावरचं, ज्याचा एकेक खांब सरळ करायला तिचे दोन दिवस गेले होते, सर्रकन घसरून ओढ्यात जाऊन पडलं.

तिने तो हात झटकला. झटकला म्हणजे मनगट धरून टेबलावरून खाली ओढला, जोरात. "कळत नाही का तुला! एकदा सांगितलं ना!" हा आवाज आपला आहे हे तिला नंतर कळलं. भिंगरी रडली नाही. मनगट दुसऱ्या हातात धरून मागे मागे सरकत गेली आणि दाराजवळच्या चपलांपाशी बसली.

कुंपण परत मागे घेता आलं. एका बटणाचं काम. त्या एका बटणासाठी तिने लेकीवर हात टाकला होता. हे मनात आलं तेव्हा तिने ते मागे ढकललं. नंतर. चारनंतर कुशीत घेईन, हवं ते देईन, पाया पडेन तिच्या. आता नाही. बाविसावं.

एकोणतिसावं झालं तेव्हा तीन छप्पन्न. तिसावं झालं तेव्हा फोनसारखी घंटी वाजू लागली. एकतिसावं तिने बाहेर काढलं, जुनं मारलं, ट्रॅक्टर घालून बघायला वेळच उरला नाही. फाईल पाठवली, हेडफोन कानाला लावले, माईक बंद आहे ना ते दोनदा पाहिलं.

"हां, कुंपणवाल्या बाई, आहात ना?" मुकादमाचा आवाज.

तिने माईक उघडला. "आहे."

"गुराखी म्हणतोय सगळी फाटकं अडली होती."

"होती. दुपारीच सापडलं कारण. आता बघा."

"बघू या. सोड रे गायी."

तिने माईक मिटला. गुराख्याने बारा गायी पहिल्या फाटकाशी आणल्या. गायी थांबल्या. मग पुढची गाय मान हलवत आत गेली, तिच्यामागे बाकीच्या. दुसरं फाटक. तिसरं. मागून कापणीयंत्र, तेही गेलं. "च्यायला, गेल्या की," गुराखी म्हणाला. सतराव्या फाटकाशी मुकादम थांबला.

"हे असं आतल्या बाजूला का उघडतं? इथे तर चढ आहे."

तिला बोलावंच लागलं. माईक उघडला. "रस्ता तिथे वळतो. बाहेर उघडलं असतं तर वळणावरून येणाऱ्याला दिसलंच नसतं. म्हणून मी आत..."

"आई, शू आली."

पाठीमागे, अगदी जवळ. स्पष्ट, घंटेसारखा आवाज.

"कोण आहे तिथे?" मुकादमाने विचारलं. रागाने नाही. नुसतं विचारलं, पण तिला त्यात आपल्या आधी हे काम करणाऱ्या बाईची गोष्ट ऐकू आली. पहिल्याच दिवशी त्याने सांगितली होती ती. हात सोन्याचा, पण मूल लहान, रोज काहीतरी, शेवटी मलाच वाईट व्हावं लागलं. आणि त्याने पुढे विचारलं होतं, तुमच्याकडे सलग चार तास शांतता असते ना? असते, ती म्हणाली होती; भिंगरीचं नावही काढलं नव्हतं.

"शेजारची आहे," ती म्हणाली. "शेजाऱ्यांची मुलगी."

"आई म्हणाली ना पण?" गुराखी हसला.

"ती... सगळ्यांनाच म्हणते. सवय आहे तिला."

"गोड आहे," मुकादम म्हणाला. "पण आपण कामात आहोत बाई. पाठवा तिला तिच्या आईकडे."

"हो. पाठवते तिच्या आईकडे."

तिने माईक मिटला. मागे वळून पाहिलं नाही. वळली असती तर उरलेली फाटकं दिसली नसती. आतल्या खोलीत पलंग करकरला आणि सासूबाईंचा आवाज आला, यावेळी खरोखरची कुजबुज, कशीबशी ऐकू येणारी. "भिंगरे, माझ्याकडे ये गं बाळा. आजीकडे ये." पावलं वाजली, पण आतल्या खोलीकडे गेली नाहीत.

पंचवीस. अठ्ठावीस. तीस. एकतिसाव्याशी गायी पुन्हा थांबल्या. तिने डोळे मिटून घेतले. हेच ते, न तपासलेलं. चार वर्षं, अकरा ठिकाणं, तीन आठवडे, आणि एक फाटक.

"चरतायत," गुराखी म्हणाला. "गवत बरं आहे इथलं. हां, निघाल्या."

बाराव्या गायीचं शेपूट फाटकातून आत गेलं.

"काम नीट आहे," मुकादम म्हणाला. "खांब तर सुरेख बसवलेत चढावर. सोमवारी नऊ वाजता या बाई. रोज हीच वेळ राहील. आणि तुमच्याकडची ती शांतता जपा, एवढंच."

"हो," ती म्हणाली. आणखी काही म्हणायला हवं होतं, आभार वगैरे, पण तोवर घंटी वाजून सगळं बंद झालं.

तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवले. मिळालं, ती मनात म्हणाली, आणि ते आनंदासारखं वाटेना, म्हणून पुन्हा म्हणाली. मग ती वळली.

तिच्या खुर्चीमागे फरशीवर शूचं थारोळं होतं. त्यातून निघालेली छोटी ओली पावलं बाहेरच्या दाराकडे गेली होती. दाराशी भिंगरी उभी होती. ओली चड्डी तशीच. पायात बूट, उजवा डाव्यात आणि डावा उजव्यात, आपले आपण घातलेले. मनगटावरची लाली अजून गेली नव्हती. चेहऱ्यावर रुसवा नव्हता, रडू नव्हतं. सांगितलेलं काम नीट करायला निघालेल्या मुलाचा असतो तसा शहाणा, गंभीर चेहरा.

"भिंगरे," ती म्हणाली.

भिंगरीने टाचा वर करून कडीपर्यंत हात नेऊन पाहिला. पुरला नाही. मग ती आईकडे वळली.

"आई," तिने विचारलं, "माझी आई कुठल्या घरात राहते?"